कोणतं मैदान मोठं

गोंदियाजवळच्या कामठ्याच्या चौकात उमेंद्रचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. अर्ध्या दुकानात जळालेल्या मोटारी आणि तांब्याच्या तारेची वेटोळी पडलेली असतात, उरलेल्या अर्ध्यात त्याची बहीण चेतना झेरॉक्सचं मशीन घेऊन बसते. गेल्या पोळ्यापर्यंत या दुकानात रोज संध्याकाळी भांडण व्हायचं. भांडणारे तिघं. उमेंद्र, चेतना आणि शेतकरी चैतरामचा एकुलता एक मुलगा प्रफुल. विषय एकच, जगातलं फुटबॉलचं सगळ्यात मोठं स्टेडियम कोणतं.

मोठं म्हणजे जास्त खुर्च्यांचं, असं नव्हे. खुर्च्या मोजायला फोन पुरे होता. ज्याच्यासमोर बाकीची छोटी वाटावीत असं. उमेंद्र लिव्हरपूलच्या ॲनफिल्डचा. सामन्याआधी सगळे लोक उभे राहून एका सुरात गातात, बाहेरून आलेल्या संघाचे पाय तिथेच लटपटतात, असं त्याचं म्हणणं. चेतनाला जर्मनीतलं डॉर्टमुंड आवडायचं. तिथे एका बाजूला पंचवीस हजार माणसं पूर्ण वेळ उभी असतात, सगळी पिवळ्या रंगात. प्रफुल मात्र ब्राझीलच्या माराकानाला धरून होता.

"पन्नास सालच्या वर्ल्ड कपचा शेवटचा सामना," तो सांगायचा. "दोन लाखाच्या आसपास मानसं. ब्राझील जितनार म्हनून घरून नाचत आले. अन हरले. दोन लाख मानसं एकदम चूप. ओरडनारं पब्लिक तुमी कोठीही दाखवान. चूप बसनारं दाखवा एखांदं."

"हरलेलं मैदान मोठं कसं काय?" चेतना विचारायची, आणि पुन्हा सुरू.

तिघांपैकी कोणीही एकही स्टेडियम प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. प्रफुलनं पाचवा नंबर दिलेलं कोलकात्याचं मैदान पाहायला जायचं त्यांचं दोनदा ठरलं होतं. हावड्याची गाडी गोंदियातूनच जाते. पण एकदा धानाची रोवणी आडवी आली आणि एकदा उमेंद्रचं लग्न.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात प्रफुल धानाच्या बांधीत पाणी पाहायला गेला होता. दुपारी आभाळ भरून आलं. तो शेताच्या कडेच्या धुऱ्याधुऱ्यानं घराकडे निघाला असताना त्याच्यावर वीज पडली. सव्वीस वर्षांचा होता.

त्याची आई रुख्मा रडली नाही. बाया जमल्या, गळ्यात पडल्या, म्हातारी माणसं म्हणाली, तिला रडू द्या, मोकळी होऊ द्या. ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली. तेरवी झाल्यावर उठली आणि कामाला लागली. गाईला चारा, अंगणात सडा, चूल, सगळं होतं तसं. फक्त बोलणं आटलं. विचारलं तेवढंच उत्तर द्यायची, तेही जमिनीकडे पाहून.

चैतराम एका संध्याकाळी उमेंद्रच्या दुकानात आला. सायकल भिंतीला लावली आणि दारातच उभा राहिला.

"या काका," उमेंद्र उठून म्हणाला. "बसा."

चैतराम बसला. चेतनानं पाणी दिलं. ते हातात धरून तो म्हणाला, "एक गोष्ट विचारतो गा. तुमी तिघं भांडत कायचं होते?"

उमेंद्रनं हातातली तार खाली ठेवली.

"नाही, तो जेवता जेवताही फोनवर हात वर करून बोले. मोठं हाये, लहान हाये, तुही जागा काहीच नाही माह्या जागेपुढे. मले वाटे, जमिनीचं काही हाये का काय. विचारलं त म्हने, बाबूजी, तुमाले नाही समजनार."

"मैदानाचं होतं काका," उमेंद्र म्हणाला. "फुटबॉलचे मैदानं. कोनतं मोठं, याच्यावर."

"तुमाले भेटनार होतं का त्याच्यातलं काही?"

"नाही."

"मंग भांडत कायले होते?"

चेतनानं फोन काढला आणि चैतरामसमोर धरला. "हे पाहा काका. हे त्याचं."

चैतरामनं माराकाना पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं विचारलं, "पानी पडलं त जाते कुठून?"

उमेंद्रला ते माहीत नव्हतं. चेतनानं शोधून सांगितलं की अशा मैदानांत गवताखाली रेती असते आणि रेतीखाली पाइप.

"मंग धान नाही होत तिथं," चैतराम म्हणाला. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग येतच राहिला. धान निसवला, पिवळा झाला, कापणीला आला. दिवसभर बांधीत राबून तो संध्याकाळी तास-अर्धा तास दुकानातल्या बाकावर बसायचा आणि एकेक मैदान पाहायचा. त्याचे प्रश्न वेगळेच असायचे. एवढी माणसं एकदम बाहेर निघतात तर चेंगरत कशी नाहीत. खेळ नसतो तेव्हा आत कोण असतं. सावली पडते त्या बाजूचं गवत वाढतं कसं. या तिघांनी वर्षानुवर्षं भांडून यातला एकही प्रश्न काढला नव्हता. उत्तरं शोधता शोधता उमेंद्र आणि चेतना पुन्हा फुटबॉलवर बोलायला लागली. प्रफुल गेल्यापासून त्या दोघांनीही एकही सामना पाहिला नव्हता.

एका संध्याकाळी चेतनानं नॉर्वेतलं एक मैदान दाखवलं. समुद्रातल्या खडकावर वसलेलं मासेमारांचं गाव, आणि त्या खडकाच्या टोकाला हिरवा चौकोन. तिन्ही बाजूंनी समुद्र. कडेला लाकडी मांडव, त्यांवर मासे वाळत घातलेले. बसायला एक खुर्ची नाही.

चैतरामनं फोन स्वतःच्या हातात घेतला.

"प्रफुलनं पाह्यलं होतं हे?"

"होय. मीच दाखवलं होतं," चेतना म्हणाली. "तो म्हने, हे स्टेडियमच नाही. खुर्ची नाही, भिंत नाही. याचं नावच काढू नको."

"चुकला," चैतराम म्हणाला. "खडकावर एवढीशी सपाट जागा भेटली. तिथं कोनी घर नाही बांधलं, गोदाम नाही बांधलं. पोराइले खेळाले ठेवली. याच्याहून मोठं अजून काय पायजे? चुकला तो."

हे तो असं बोलला की जणू प्रफुल समोरच बसला आहे आणि आता उलटून बोलेल. मग त्यानं फोन चेतनाला परत दिला. बाहेर जाऊन सायकलचं हँडल धरून उभा राहिला, पण निघाला नाही. उमेंद्र त्याच्या मागे गेला.

"तोंडावर म्हटलं असतं त भांडला असता," चैतराम त्याच्याकडे न पाहता म्हणाला.

"लई भांडला असता काका."

घरी रुख्माला हे आवडत नव्हतं. एरवी न बोलणारी ती एका रात्री ताट वाढताना म्हणाली, "पोरगं गेलं अन तुमी मोबाइल पाहून राहिले जी." चैतरामनं ताट पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली तरी तो परतला नाही, तेव्हा ती स्वतः चौकात आली. तो बाकावर बसला होता, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि कोणत्यातरी मैदानाच्या छपराबद्दल उमेंद्रशी वाद घालत होता.

चेतना पटकन उठली. "या काकी, बसा."

रुख्मा बसली नाही. तिनं फोनकडे पाहिलं, तिथं माणसांनी भरलेलं एक मैदान होतं. "हेच पाहे का तो?"

"होय काकी. असेच सारे."

"याच्यातलं त्यानं पाह्यलेलं कोनतं?"

"पाह्यलेलं म्हनजे, फोनवरच..."

"जाऊन पाह्यलेलं वो."

चेतना उमेंद्रकडे पाहू लागली. "एकही नाही काकी," उमेंद्र म्हणाला. "कोलकात्याचं पाहू म्हनत होतो. राहून गेलं."

रुख्मा नवऱ्याकडे वळून म्हणाली, "धान चुरून झाला की जाऊ."

"कोठी?"

"तिथंच. कोलकात्याले."

चैतरामला वाटलं, ती रागानं बोलते आहे. पण मळणी-चुरणी झाली, धान खरेदी केंद्रावर गेला, आणि तिनं एका सकाळी विचारलं, "तिकीट काढलं का पोराइनं?"

कोलकात्याचे दोन जुने संघ एकमेकांशी भिडणार होते, त्या दिवसाची तिकिटं चेतनानं काढली. चौघं गोंदियाहून गाडीत बसले. रुख्मानं वाटेसाठी पोळ्या, चटणी आणि पोह्याचा चिवडा बांधून घेतला होता. डोंगरगड गेलं, रायपूर गेलं, रात्र झाली, ती खिडकीशी बसूनच होती. चैतराम म्हणाला, आडवी हो थोडी. ती नाही म्हणाली. गेल्या पोळ्यापासून तिची झोप अशीच होती.

स्टेडियम कोलकात्याच्या पूर्वेला, मोठ्या रस्त्याला लागून आहे. दुपार कलली तेव्हापासूनच रस्ते भरले होते. एका बाजूनं हिरवे-मरून झेंडे येत होते, दुसऱ्या बाजूनं लाल-सोनेरी. ट्रकांवर चढलेली पोरं ढोल बडवत होती. पोलिसांनी दोन्ही बाजूंची फाटकं वेगळी ठेवली होती. फाटकावर रुख्माची पाण्याची बाटली काढून घेतली गेली. चिवड्याची पिशवी मात्र पिशवीतल्या पिशवीत लपून आत गेली.

जिन्यावरून वर आले आणि एकदम समोर मैदान उघडलं. उमेंद्र जागीच थांबला. इतकी वर्षं त्यानं जे हाताएवढ्या काचेत पाहिलं होतं, ते आता मान फिरवूनही एका नजरेत मावत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि तो बुटाची लेस बांधायला खाली वाकला. चैतराम गवताकडे पाहत होता. "एका उंचीचं कापलं हाये," तो हळूच म्हणाला. रुख्मानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसली. तिच्या शेजारी एक म्हातारे बंगाली गृहस्थ होते, गळ्यात हिरवा-मरून मफलर, मांडीवर शेंगदाण्याची पुडी.

खेळ सुरू झाला. आवाज इतका होता की चेतनाला उमेंद्रच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. रुख्मा कशाकडेच पाहत नसल्यासारखी बसून होती. मध्यंतर झालं. तिनं चिवडा काढून सगळ्यांच्या हातांवर ठेवला, शेजारच्या म्हाताऱ्याच्याही. त्यानं तिला शेंगदाणे दिले.

उत्तरार्धात एका पोरानं लांबून फटका मारला. चेंडू खांबाला लागून परत आला. सगळं मैदान एकदम उभं झालं, हजारो माणसांच्या छातीतून एकच आवाज निघाला. समोरचं दिसेना म्हणून रुख्माही उभी राहिली. आणि त्या आवाजात तिचा आवाज निघाला.

"पर्फुल!"

जवळच्या चैतरामलाही पहिली हाक ऐकू आली नाही. दुसरी आली. ती बांधीतून जेवायला बोलावताना द्यायची तशी हाक होती, लांब, शेवटी वर चढणारी. "पर्फुल गाऽऽ!" लोक हळूहळू बसले, आवाज ओसरला, तरी ती उभीच होती आणि हाका मारत होती. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता. डोळे समोरच्या गर्दीवर होते, जणू त्या तोंडांमध्ये ती एक तोंड शोधत होती.

शेजारचा म्हातारा गडबडून उठला. "क्या हुआ? किसको बुला रही हैं?" त्यानं चैतरामला विचारलं. "कोई खो गया क्या?"

चैतरामचं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. म्हाताऱ्यानं ते होकारासारखं घेतलं. एवढ्या गर्दीत पोर हरवणं त्यानं आयुष्यात अनेकदा पाहिलं असावं. तो मागच्या रांगेकडे वळून बंगालीत काहीतरी ओरडला. मागची चार-पाच पोरं उभी राहिली. एकानं तोंडाशी दोन्ही हात नेले.

"प्रोफुल्लो!"

मग दुसऱ्यानं. मग खालच्या रांगेतल्या एका बाईनं. नाव त्यांच्या ओळखीचं होतं, त्यांच्या भाषेतलंच होतं. ते त्यांनी आपल्या उच्चारानं उचललं आणि पुढे दिलं. जिन्यापर्यंतची, खालच्या कठड्यापर्यंतची माणसं उभी राहून इकडे तिकडे पाहत हाका देऊ लागली. "प्रोफुल्लो! ओ प्रोफुल्लो!" खाली खेळ चालू होता आणि स्टेडियमचा तो एक तुकडा खेळाकडे पाठ करून एका हरवलेल्या पोराला शोधत होता.

उमेंद्रला वाटलं, थांबवावं यांना. तो उठलाही. चेतनानं त्याचा हात धरून ठेवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती मानेनं नाही, नाही म्हणत होती.

म्हाताऱ्यानं रुख्माच्या खांद्याला हलकेच हात लावला. "माँ जी, मिल जाएगा. कितना बड़ा है बच्चा? क्या पहना है?"

रुख्मानं त्याच्याकडे पाहिलं. "छब्बीस साल का था," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं 'था' ऐकलं. तो तिच्याकडे, मग चैतरामकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहत राहिला. मग मागे वळून त्यानं हात वर केला आणि बंगालीत हळू आवाजात काही सांगितलं. ते रांगेतून रांगेत गेलं. हाका थांबल्या. माणसं एकेक करून बसली. मागच्या पोरांपैकी एकानं डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

रुख्मा खाली बसली आणि रडू लागली. पोळ्यानंतर पहिल्यांदा, मोठ्यानं, छाती हलवून. चैतरामनं तिला जवळ घेतलं नाही, तसं चारचौघांत त्यानं कधी केलं नव्हतं. त्यानं फक्त तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि तिच्या पदराचं टोक जमिनीवर लोळत होतं ते उचलून धरलं. आजूबाजूला कोणी ओरडलं नाही. बाकीचं स्टेडियम गर्जत होतं.

बऱ्याच वेळानं म्हाताऱ्यानं चैतरामला विचारलं, "फुटबॉल खेलता था लड़का?"

"नहीं जी," चैतराम म्हणाला. "झगड़ा करता था. कौन सा मैदान बड़ा है, इसका."

"अच्छा?" म्हातारा जरा सावरून बसला. "किसको बड़ा बोलता था?"

"ब्राझील का. माराकाना."

"हाँ, वो तो है." त्यानं मान हलवली. थोडं थांबून विचारलं, "और ये वाला? हमारा? ये कौन से नंबर पे था?"

चैतरामनं उमेंद्रकडे पाहिलं. उमेंद्र अडखळत म्हणाला, "पाँचवाँ रखा था उसने."

"पाँचवाँ?" म्हाताऱ्याला ते खरोखरच लागलं. "मैं जब से ये बना है तब से आता हूँ. पाँचवाँ नहीं है ये. गलत बोलता था आपका लड़का."

"उसने सोच के रखा होगा," चैतराम म्हणाला. आवाजाला धार होती. "बहुत देखता था वो. ऐसे ही नहीं बोलता था."

"देखता था, बैठा तो नहीं था ना यहाँ?"

"बैठता तो भी पहला नहीं बोलता. उसको चुप बैठने वाला मैदान पसंद था."

म्हातारा यावर काही बोलणार होता. त्यानं आपल्या मागच्या-पुढच्या गप्प रांगांकडे एकदा पाहिलं, आणि बोलला नाही. शेंगदाण्याची पुडी त्यानं चैतरामपुढे धरली. दोघं शेंगदाणे खात उरलेला सामना पाहत बसले. कोण जिंकलं ते रुख्मानं विचारलं नाही. निघताना म्हाताऱ्यानं तिला वाकून नमस्कार केला. नाव ना त्यानं विचारलं, ना यांनी.

परतीच्या गाडीत रुख्मा बर्थवर आडवी झाली ती छत्तीसगड संपेपर्यंत उठली नाही. गोंदिया जवळ आलं तेव्हा चैतरामला तिला हलवून जागं करावं लागलं.

घरी आल्यावर ती आणखी बरेच दिवस रडत होती. चुलीपुढे, गोठ्यात, कधी बांधीत निंदता निंदता. पण आता रडून झालं की बोलायचीही. प्रफुल लहानपणी काय करायचा, कशावरून रुसायचा, त्याला कोणती भाजी चालायची नाही. चैतराम ऐकत बसायचा. काही गोष्टी त्यालाही माहीत नव्हत्या. कधी संध्याकाळी तो दुकानाकडे निघाला की तीही सोबत यायची आणि चेतनाच्या शेजारी बसायची. मैदानांवर तिचं काही म्हणणं नसे. उन्हाळी धान लागला, तेव्हा उमेंद्रनं पुन्हा ॲनफिल्डची बाजू लावून धरली होती आणि चैतराम प्रफुलच्या बाजूनं भांडत होता, खडकावरचं मैदान आपल्यापुरतं ठेवून.

चैत्रात शेजारची सुशीलाबाई आली. सुपारी कातरता कातरता तिनं विचारलं, "कोलकात्याले गेले होते म्हनते तुमी. कालीमायचं दर्शन झालं का मंग?"

"नाही वो," रुख्मा म्हणाली. "तिकडे नाही गेलो. पोराचं काम होतं."

सुशीलाबाईनं हातातला अडकित्ता थांबवला. रुख्मा पाट ओढून तिच्यासमोर बसली आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.